ओट्याखालून जाणारा जिनाचा पाट

माय, तुझ्या स्वयंपाकाच्या ओट्याखालून कापसाच्या जिनाचं पाणी जायचं ना, तो पाट पुन्हा उघडायला घेतलाय. दादाचा फोन आला तेव्हा मी धारणीच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसले होते. तो म्हणाला, "घरी ये. मायचा ओटा तोडाले आले लोक." बस, एवढंच. पुढे विचारेपर्यंत फोन बंद. मला वाटलं रस्ता रुंद करत असतील, नाहीतर कोणाशी जागेवरून वाजलं असेल. निघाले तशीच. पण परतवाड्याला गाडी बदलायची होती आणि तिथे एक मधवाला भेटला. तो म्हणाला, जांभळाचा मध आणि करंजाचा मध डोळे मिटून चवीवर ओळखता येतो. हे खरं की खोटं ते बघितल्याशिवाय माझा पाय काही निघेना. त्यामुळे पोचले दुसऱ्या दिवशी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ह्या पोरीले पान्याले पाठवलं तं विहिरीची खोली मोजून येईन, पन घागर रिकामीच आनन." तुझं हे वाक्य शेजारच्या काकू अजून म्हणतात. मी दारात दिसले की आधी तेच, मग चहा.

तुला माझं सगळं माहीत नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. सुटलं म्हणजे मी एका शिबिराला गेले आणि परत जायचं राहूनच गेलं. पुण्यात फोनवर लोकांची बिलं समजावून सांगायचं काम केलं, म्हणून तर बघ, हे लिहिताना मी त्यांच्यासारखं 'मला-तुला' लिहून राहिले, तुला हसू येईल. मग मेळघाटात, मग इथे तिथे. जिथे जाते तिथलं पाणी आधी चाखते, ही सवय मात्र कुठून लागली ते मला आत्ता कुठे कळतंय.

आपल्या गावाची गंमत मला गाव सोडल्यावर कळली. दर्यापूर-अकोटाकडचा हा सगळा पट्टाच खाऱ्या पाण्याचा. वर माती काळी, लोण्यासारखी, आणि विहिरीत बादली सोडली की वर येतं ते मीठ घातल्यासारखं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, कितीही वेळ ठेवा, दाणे आपले गोटीसारखे खाली. साबणाला फेस नाही. चहा कधी फाटेल सांगता येत नाही. मी लहानपणी समजायचे, पाणी म्हणजे असंच असतं. आणि अशा गावात, आपल्या आळीच्या मागून, गोड पाण्याचा एक बारका पाट वाहत जिनात जायचा. जिनात कापसातून सरकी निघायची, रुईच्या गठाणी बांधल्या जायच्या, बाबा तिथे गठाणीवर होते, हे ठीक. पण माणसाला खारं आणि जिनाला गोड, हे कसं काय, असा प्रश्न मला इतकी वर्षं पडलाच नव्हता. घरातल्या गोष्टींबद्दल माणूस आंधळाच असतो बहुतेक.

तो प्रश्न सोडवला मॅडमने. पाटाचं काम करते ती. अमरावतीची आहे, पाण्याची इंजिनीअर, दादाच्याच वयाची, डोक्याला गमछा बांधून पोरांबरोबर स्वतः गाळ उपसते. तिने मला बंधाऱ्यापासून जिनापर्यंत चालवत नेलं. म्हणाली, जीन सुरू झालं तेव्हा वाफेवर चालायचं. खारं पाणी बॉयलरमध्ये उकळलं की आत मिठाची खपली धरते, एकावर एक. मग लाकूड दुप्पट लागतं आणि एक दिवस नळ्या फुटतात. म्हणून मालकाने गावाबाहेर, सातपुड्याकडून येणाऱ्या नाल्यावर बंधारा घातला, पावसाचं पाणी अडवलं आणि विटा-चुन्याचा पाट बांधून थेट जिनात आणलं. "इंजिनाचं आतडं नाजूक असतं गं," ती हसत म्हणाली, "माणसाचं चालून जातं." ती सहज बोलून गेली. मी चालता चालता थांबले, आणि मग तिला वाटलं माझ्या पायात काटा गेला.

पुढे वाफ गेली, वीज आली, तरी पाट राहिला. कारण कापूस. विडीची ठिणगी पडली तरी गंजीच्या गंजी जातात, म्हणून जिनाच्या आवारातला हौद भरलेला ठेवावा लागायचा. मला आठवतं ते हेच पाणी. पावसाळा संपला की सुरू व्हायचं आणि कापसाचा हंगाम सरेपर्यंत वाहायचं. आळीतल्या लोकांनी तोवर स्वयंपाकघरं मागे वाढवून पाटाच्या वर नेली होती. जिनाने हटकलं नाही. आणि प्रत्येक घराच्या जमिनीत एक चौकोनी भोक, वर फरशीचं झाकण. आपलं ओट्याच्या अगदी खाली. सकाळी तू झाकण सरकवायचीस आणि पितळी गुंड, ती बारकी घागर, आत सोडायचीस. एका घराने दिवसाला एकच गुंड घ्यायचा, आणि तोही डाळीसाठी. आंघोळ नाही, धुणं नाही, पाहुणे आले तरी दुसरा नाही. डाळ शिजवून उरलं तर पोरांना प्यायला.

त्या दिवशी मी शाळेतून आले होते, पाय चिखलाने भरलेले. अंगणातल्या रांजणाशी जायचा कंटाळा आला म्हणून झाकण सरकवून पाय सरळ खाली सोडले. थंडगार पाणी, बोटांमधून जाणारं, आणि पाण्यात ओढ होती, तो भाग मला फारच आवडला. तू मागून येऊन दंडाला धरून वर ओढलंस. मारलं नाहीस. म्हणालीस, "खालच्या घरी डाळ शिजून राहिली. तुह्या पायाची डाळ खाईन का ते?" मी विचारलं, खालचं घर म्हणजे कोणतं? तू म्हणालीस, "सगळेच कोनाचं तरी खालचं घर असते." आणि भाकरी थापायला लागलीस. मला तेव्हा यात रागावण्यापेक्षा भूगोलच जास्त दिसला होता. आपल्या वर कोणाचं घर आहे हे बघायला मी तशीच चिखलाच्या पायांनी पाटाच्या कडेकडेने बंधाऱ्याच्या दिशेने गेले, आणि दादा अंधार पडायच्या आत मला शोधून घेऊन आला.

मग जीन बंद पडलं. नळयोजना आली. पाटात कचरा, प्लॅस्टिक, कोणाचं मोरीचं पाणी. बाबांनी भोकावर फरशी बसवून सिमेंट भरलं. आता मॅडमच्या लोकांना पाट मोकळा करून बंधाऱ्याचं पाणी पुन्हा जिनाच्या हौदात न्यायचंय, तिथून आसपासच्या शेतांत. दिवाळीनंतर हरभऱ्याला एक गोड पाणी मिळालं तरी पीक उभं राहतं. विहिरीचं खारं दिलं तर जमीनच मरते. गावाबाहेरचा पाट त्यांनी उपसला, डागडुजी केली, छान दिसतो. अडलं ते आळीत. घरांच्या खालचा भाग शाबूत आहे की ढासळलाय, हे कोणालाच माहीत नाही. ढासळला असेल तर सगळं फुकट. आणि बघायचं तर कोणाचं तरी घर आधी फोडावं लागेल. सगळ्यात वरच्या अंगाला आपलं.

मॅडमच्या नकाशावर ती भोकं होती, काकूंच्या घरातलं बुजवलेलं भोक जमिनीत दिसतं ना अजून. तिला वाटत होतं ती गाळ काढायची भोकं आहेत, काम झालं की काँक्रीटने बुजवून टाकू. मी म्हटलं, ती डाळीची भोकं आहेत. तिला वाटलं मी थट्टा करते. मग सगळं सांगितलं, एक घर एक गुंड, तशी ती बांधावर बसलीच खाली. म्हणाली, "हा नियम केला कोणी?" आणि माय, मला ते माहीत नव्हतं! झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. दादा ओट्यावरून धुमसत होता आणि मी नियम शोधत गावभर फिरत होते. काकू म्हणाल्या, जिनात कापूस निवडणाऱ्या बायांनी आपसात ठरवलं, मालकाला कळायच्या आधी. दादा म्हणाला, बाबांनी. जिनाच्या जुन्या दिवाणजींचा नातू अमरावतीला वकिली करतो. त्याच्याकडे गेले तर तो म्हणाला, आमच्या आजोबांनीच परवानगी दिली होती, आणि मला सरबत दिलं. ज्याला विचारावं त्याच्या घरातलंच कोणीतरी निघतं. परत येताना शेजारी एक महानुभाव पंथाची म्हातारी बसली, तिच्याशी बोलता बोलता मी तिच्याबरोबर भलत्याच गाडीत चढले आणि रिद्धपूरला उतरले. तिथे तिने मला तांब्याभर पाणी दिलं. प्यायले. चांगलं होतं, स्वच्छ होतं, पण काहीतरी कमी वाटलं. काय कमी ते मला सांगता येईना. म्हातारी म्हणाली, "कोन्या गावची व तू? तोंड तं असं केलं जसं काई मी कडू पाजलं."

घरी आले तर ओसरीवर सभाच भरलेली. मॅडम, दादा, आणि काकू आपल्या नेहमीच्या पायरीवर. दादाचा आवाज चढला होता. मी येताच मॅडमला सोडून माझ्याकडे वळला.

"आली ही. सांग यायले तूच. मायनं जलमभर खारं पेलं अन् आपल्याले गोड देल्लं. थ्याच ओट्यापाशी उभी राहून. पान्यानंच किडनी गेली तिची, डाक्टर बोलला होता. अन् थो ओटा तोडाचा?"

"मी कुठी म्हनली तोडा? मी म्हनली, खाली काय हाये ते पाहू."

"तुह्यं पाहनं अन् तोडनं एकच असते."

हे त्याने बरोबर ओळखलं होतं. आणि तेव्हाच लक्षात आलं की दादा इतकी वर्षं त्या ओट्याला देवळासारखा का जपतो. रंग देताना ओटा सोडून भिंती रंगवतो. वहिनीने त्यावर मिक्सर ठेवला तर उचलून खाली ठेवतो. त्याच्या मनात एक चित्र पक्कं आहे: तू उपाशी राहिल्यासारखी तहानलेली उभी, आणि आमच्या ताटात गोड पाण्याची डाळ.

काकू अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय रे, कोनं सांगतलं तुले तिनं तुमच्यासाठी खारं पेलं म्हून?"

"सांगाले कायले पाह्यजे? म्या डोयानं पाह्यलं."

"डोयानं पाह्यलं, पन इचारलं का? तिले गोड आवडेच नाई. घशाखाली उतरते पन तहान जात नाई म्हने. आमी सगळ्या तशाच. मी तं आताई नळाच्या पान्यात चिमूटभर मीठ टाकतो, पाह्य घरी येऊन."

"काकू, किडनी गेली तिची."

"गेली ना बाप्पा. त्याले मी काय म्हनू? थे पान्यानं गेली अशीन. पन तुमच्यासाठी नाई गेली. उगा तिले देवी नको करू, लय हसन ती वरतून."

मला एकदम जठारपेठ आठवलं. अकोल्याला तुला दवाखान्यात नेलं तेव्हा आपण मावशीकडे उतरलो होतो, दादा इकडे शेतावर होता. मावशीने तुला फ्रिजचं नाही, माठातलं पाणी दिलं, प्रेमाने, वाळा घातलेलं. तू एक घोट घेऊन पेला समोर धरलास आणि म्हणालीस, "हे पानी हाये का निस्तं ओलं हाये?" मावशी हसून हसून खाली बसली. तू मीठ मागितलंस. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं, ती देईना. तू म्हणालीस, "मीठ नाई तं मंग तहानबी नाई," आणि पाय आखडून भिंतीकडे तोंड केलंस. सुजलेले पाय तुझे. मी तेव्हा समजले, आजारी माणसाचा हट्ट. हे मी ओसरीवर सांगितलं, तुझ्या आवाजात सांगितलं, पेला धरून दाखवला. मॅडम हसली. काकू म्हणाल्या, "हेच, हेच बोले ती." दादाने मान खाली घातली होती, पण त्याचा खांदा हलला. हसला की काय, मला नीट दिसलं नाही.

आता मला तुला विचारायचंय. तुला खारं खरंच आवडायचं, की गोड पुरत नव्हतं म्हणून खारं आवडायला लागलं? आवडीला सुरुवात असते का? कोणत्या वर्षी, कोणत्या घोटाला माणूस म्हणतो, आता हेच बरं? मी तुला दोष देत नाही आणि देवीही करत नाही. दोन्हींपैकी कोणतंही उत्तर मला चालेल. फक्त खरं कोणतं ते पाहिजे. इतकी गावं फिरून मला हेच दिसलं की माणसं सवयीला आवड म्हणतात आणि आवडीला नशीब, आणि सगळं इतकं एकात एक मिसळतं की मॅडमच्या कोणत्याही यंत्राने ते वेगळं काढता यायचं नाही.

निकाल मात्र ना काकूंनी लावला, ना मी. आतून वहिनी आली, पिठाच्या हातांनी. तुझी सून, तू तिला पाहिली नाहीस. कमी बोलते. दाराला टेकून म्हणाली, "झालं का तुमचं? मले कोनी इचारत नाई म्हून मीच सांगतो. तो ओटा माह्या मांडीपाशी येते. वाकून वाकून कंबर गेली माही. लगन झालं त्या दिवसापासून गेली. ठेवाचा तं ठेवा, पन मंग उद्यापासून भाकरी ह्यायनं थापाव्या."

दादा म्हणाला, "तं मंग आजलोक बोलली कावून नाई?"

"सासूचा ओटा हाये. कसं बोलू?"

माय, आम्ही सगळे तुझ्याबद्दल भांडत होतो आणि रोज तिथे उभी राहणारी बाई आत होती. तू बुटकी होतीस. मला ते विसरायला झालं होतं, कारण तू गेलीस तेव्हा मी लहान होते, तुला पाहिलं ते खालूनच. बाबांनी ओटा बांधला तेव्हा तुला तिथे उभं करून हवेत भाकरी थापायला लावली होती आणि कोळशाने भिंतीवर रेघ मारली होती, हे तूच सांगायचीस. वहिनी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि तिची रेघ कोणी मारलीच नाही.

दादा उठला. चप्पल घातली. दारातून मागे न बघता मॅडमला म्हणाला, "घ्या मंग. पन हिच्या मापाचा बांधून द्याचा. आधी बांधाचा, मंग तोडाचा." मॅडमने तसंच केलं. समोरच्या भिंतीला नवा ओटा झाला, वहिनीच्या कोपराच्या मापाने. वहिनी रोज त्यावर हात टेकवून बघायची, सुकला का, सुकला का. मला म्हणाली, "उभं राह्यलं तं खिडकीतून रस्ता दिसते इथून." लग्नानंतर पहिल्यांदा तिला स्वयंपाक करताना रस्ता दिसला.

मग तुझा ओटा फोडला. पोरांनी छिन्नी-हातोड्याने हळूहळू काढला, जेसीबी आत येतच नव्हता. दादा पानठेल्यावर जाऊन बसला. बाबांनी भरलेलं सिमेंट निघालं, फरशी निघाली, आणि ते चौकोनी भोक दिसलं. त्याच्या दगडाची एकच कड घासून गुळगुळीत झालेली, गुंड वर ओढताना जिथे टेकायचा तिथे. मॅडम म्हणाली, "बघ गं काही दिसतंय का." मी पालथी पडले, डोकं आत घातलं, मोबाइलचा उजेड पाडला. बारक्या विटा, उभ्या लावलेल्या, चुना अजून पांढरा. गाळ होता, पण वीतभरच. पाट पुढे काकूंच्या घराकडे सरळ जाऊन मग हलकेच वळत होता. आणि तोंडावर वारा आला. थंड, ओलसर, पुढून येणारा. खालच्या घरांखाली पाट ढासळला असता तर वारा आलाच नसता. कुठेतरी पलीकडचं तोंड उघडं होतं, मधलं सगळं मोकळं होतं. मला ओरडून मॅडमला सांगायचं होतं, पण आधी वारा नेमका कोणत्या अंगाने येतोय, हौदाच्या की आणखी कुठल्या फाट्याच्या, ते कळेपर्यंत मी तशीच पडून राहिले.

तेवढ्यात दादा परत आला. मला पालथी पाहून तो जवळ बसला आणि पाठीवर हात ठेवला. लहानपणी मी तापाने फणफणले की ठेवायचा तसा. "रडू नको व," म्हणाला, "मायले चाललं असतं." मी डोकं बाहेर काढलं नाही.

दोन दिवसांसाठी आले होते, अजून इथेच आहे. काकूंच्या घराखालचं वळण व्हायचंय. हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही, झोळीतच राहील, कारण दादाच्या हाती पडलं तर पुढचं वाचेल. तो हल्ली माझ्याशी फार मऊ बोलतो आणि मला ते आवडून राहिलंय. मी रडत नव्हते, माय. मी वारा कुठून येतो ते पाहत होते.